बैल गेला, मेंढी गेली

वांग यांग पू लाओ. ही चार चिनी अक्षरं मी एकदा चुकीची मराठीत आणली आणि त्यापायी दोन चांगल्या माणसांत जवळजवळ महिनाभर अबोला राहिला.

चीनमधल्या एका कारखान्याचं पत्र होतं. त्यांनी पाठवलेल्या सुट्या भागांची एक खेप खराब निघाली होती. पत्रात त्यांनी चूक कबूल केली होती, तपासणीची पद्धत कशी बदलली ते बारकाईनं लिहिलं होतं आणि शेवटच्या परिच्छेदात ही चार अक्षरं होती. शब्दांचा अर्थ अगदी सरळ: मेंढी हरवली, वाडा दुरुस्त केला. वाचताक्षणी माझ्या मनात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. बैल गेला अन् झोपा केला! इतकी चपखल जोडी सापडली याचा आनंद झाला, मी ती म्हण तशीच बसवली आणि पत्र पुढे पाठवून दिलं.

ज्यांच्यासाठी ते पत्र होतं ते गृहस्थ नंतर मला म्हणाले, "ताई, ते स्वतःच लिहितायत ना, की आता काही उपयोग नाही म्हणून. मग पुढची ऑर्डर मी कशाच्या भरवशावर देऊ?"

मी मूळ पत्र पुन्हा काढलं, कोश काढला आणि त्यात या अक्षरांखाली दिलेली कथा पहिल्यांदा नीट वाचली.

छू नावाच्या राज्याचा राजा श्यांग मर्जीतल्या चार माणसांच्या संगतीत ऐषआरामात रमला होता. च्वांग शिन नावाच्या मंत्र्यानं त्याला बजावलं, की असंच चाललं तर राजधानी हातची जाईल. राजानं त्याला विचारलं, म्हातारचळ लागलाय की काय तुला? च्वांग शिन राज्य सोडून गेला. पुढच्या काही महिन्यांतच छिन राज्याच्या फौजा आत घुसल्या आणि इ. स. पू. २७८ मध्ये राजधानी यिंग पडली. पळून गेलेल्या राजानं च्वांग शिनला बोलावणं धाडलं आणि विचारलं, आता काय करू? च्वांग शिननं जे उत्तर दिलं त्यातून ही चार अक्षरं आली. तो म्हणाला, ससा दिसल्यावर कुत्र्याला हाक मारली तरी उशीर झालेला नसतो. मेंढी हरवल्यावर वाडा दुरुस्त केला तरी उशीर झालेला नसतो. पूर्वीचे राजे शंभर लींच्या (ली हे अंतराचं चिनी माप) मुलखावर उभे राहिले, तुझ्याकडे अजून हजारो ली जमीन आहे.

म्हणजे चित्र तेच, गुरं-मेंढरं तीच, मोडकं कुंपण तेच. पण आपली म्हण मान हलवते आणि त्यांचा वाक्प्रचार पाठीवर हात ठेवतो. बैल एकच होता, तो गेला, आता गोठ्याला झोपा, म्हणजे दार, लावून करायचं काय? उलट मेंढ्या कळपात असतात. एक गेली, बाकीच्या आत आहेत. भोक आज बुजवलं तर त्या राहतील. कारखान्याला नेमकं हेच म्हणायचं होतं. मी दोन्हीकडे फोन केला, चूक माझी होती हे सांगितलं, आणि त्या दिवसापासून चिनी वाक्प्रचार नुसत्या अर्थावरून वापरायचा नाही असं ठरवून टाकलं.

या वाक्प्रचारांना चिनी भाषेत छंगयू म्हणतात. बहुतेक छंगयू चार अक्षरांचे असतात, आणि चिनीत एक अक्षर म्हणजे एक उच्चार, त्यामुळे चार ठोक्यांत सगळं संपतं. भाषा जुनी, पुष्कळदा दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतली. तिचं व्याकरण आजच्या बोलीहून वेगळं. पण वापर आजचा. वर्तमानपत्रात, मुलांच्या निबंधात, ऑफिसच्या बैठकीत, भांडणात. चीनच्या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेत, ज्याला काओखाओ म्हणतात, भाषेच्या पेपरात वर्षानुवर्षं एक प्रश्न ठरलेला असायचा: खालीलपैकी कोणत्या वाक्यात छंगयू बरोबर वापरला आहे? ज्यांची ती मातृभाषा आहे त्या मुलांनाही हा प्रश्न अवघड जातो. माझ्या शिक्षिका सांगायच्या की तिथे अर्थ सगळ्यांना पाठ असतो, चुकतो तो वापर.

हे मराठी माणसाला समजवायला मला लांब जावं लागत नाही. समजा, कोणी परदेशी मुलगी मराठी शिकतेय. तिनं कोशात "दिवे लावणे" पाहिलं. दिवा म्हणजे उजेड, उजेड म्हणजे चांगलं. मग तिनं परीक्षेत पहिल्या आलेल्या मैत्रिणीला मनापासून सांगितलं, "तू अगदी दिवे लावलेस!" समोरचीचा चेहरा कसा होईल? एकही शब्द चुकलेला नाही, व्याकरण चोख आहे, आणि तरी वाक्य उलटं पडलं.

चिनी शिक्षक यासाठी दोन शब्द सारखे वापरतात: पाओ आणि प्येन. पाओ म्हणजे गौरवाचा, प्येन म्हणजे निंदेचा. प्रत्येक छंगयूला यातला एक रंग असतो किंवा तो मधला असतो, आणि तो रंग अक्षरांवरून कळेलच असं नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलानं सत्राच्या शेवटी शिक्षिकांना आभाराचं पत्र लिहिलं होतं. त्यात होतं, की बाई आमच्यासाठी "छू शिन ची ल्यू" करतात. अक्षरांत मन आहे, विचार साठवणं आहे. कोणालाही वाटेल की याचा अर्थ "मनापासून सतत विचार करतात". बाईंनी पत्र वाचलं, त्याचे आभार मानले आणि मग त्या चार अक्षरांखाली पेन्सिलीनं हलकी रेघ ओढून म्हणाल्या, हे कोणाबद्दल पहिल्यांदा लिहिलं गेलं ते ऐक. चंग राज्याच्या राजा च्वांगनं आपल्या धाकट्या भावाला वाढू दिलं, मोकळं सोडलं, तो बंड करेल अशी वाट पाहिली आणि मग त्याच्यावर चालून गेला. इ. स. पू. ७२२ मधली घटना. एका जुन्या भाष्यात या राजाला दोष देताना म्हटलंय, की त्यानं हे मनात धरून, विचार साठवत साठवत घडवून आणलं. आजही ही अक्षरं डाव रचणाऱ्यालाच लागतात. दोन हजार वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी त्या शब्दांवरचा तो डाग गेलेला नाही. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. शब्द ज्या प्रसंगात जन्मला तो प्रसंग विसरला जातो आणि त्याचा वास मात्र शब्दाला राहतो.

काही छंगयूंचा रंग नाही, पण त्यांचं घर ठरलेलं असतं. "श्यांग चिंग रू पिन", म्हणजे एकमेकांना पाहुण्यासारखा मान देणे. हे फक्त नवरा-बायकोबद्दल म्हणायचं. दोन मित्रांबद्दल, सासू-सुनेबद्दल, शेजाऱ्यांबद्दल म्हटलं की ऐकणारा थबकतो. "मेइ लुन मेइ ह्वान" हे भव्य आणि सुंदर वास्तूबद्दल. नव्या बांधलेल्या घराच्या स्तुतीतून ते आलं. आता लोक नाचाच्या कार्यक्रमालाही ते लावतात आणि जुन्या वळणाचे शिक्षक अजून त्याला चूक म्हणतात. "वांग छी श्यांग पेइ", पुढे चाललेल्याची मान आणि पाठ दिसणे, म्हणजे त्याच्या जवळपास पोचणे. याचा खरा वापर नकारातच: त्याची पाठसुद्धा दिसणार नाही इतका तो पुढे आहे. होकारात वापरलं की खटकतं. आपण "मागमूस लागला नाही" म्हणतो, "मागमूस लागला" असं सहसा म्हणत नाही, तसंच.

बरं, वापर म्हणजे दगडावरची रेघ असंही नाही. तो सरकतो. हान फेइ हा इ. स. पू. तिसऱ्या शतकातला राजनीतीचा विचारवंत. त्यानं सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. शेतात झाडाचा बुंधा होता, एक ससा धावत येऊन त्यावर आपटला आणि मान मोडून मेला. शेतकऱ्यानं नांगर टाकला आणि दुसऱ्या सशाची वाट पाहत बुंध्यापाशी बसला. दुसरा ससा आला नाही आणि तो मात्र सगळ्या राज्यात हसण्याचा विषय झाला. "शोउ चू ताइ थू", बुंध्यापाशी बसून सशाची वाट पाहणे. आज हे आयत्या लाभाची वाट पाहणाऱ्या माणसाला म्हणतात. पण हान फेइला आळसाबद्दल काही सांगायचं नव्हतं. त्याचा रोख राज्यकर्त्यांवर होता. प्राचीन राजांनी एके काळी जे केलं ते त्या काळी फळलं, म्हणून आजच्या प्रजेवर तेच नियम चालवू पाहणारे लोक या शेतकऱ्यासारखे आहेत, असं तो सांगत होता. गोष्टीतली राजनीती गळून गेली आणि आळशी शेतकरी उरला. हल्ली तर पोलीस दबा धरून बसले आणि चोर आपल्या पायांनी चालत आला, अशा बातमीतही हेच शब्द येतात, आणि तिथे त्यात निंदा नावालाही नसते.

याहून पुढची पायरी "खोंग श्वे लाइ फंग"ची. पोकळ बिळातून वारा येतो. मूळ भाव असा की बीळ आहे म्हणून वारा येतो, म्हणजे कुजबुजीला काहीतरी आधार असतो. आज बहुतेक चिनी लोक हे बरोबर उलट्या अर्थानं वापरतात: निव्वळ अफवा, काही आधार नाही. बरीच वर्षं ही चूक म्हणून सांगितली जायची. आता प्रमाण कोशानंही नवा अर्थ नोंदवून घेतला आहे. अनुवाद करताना हा छंगयू आला की मी लिहिणाऱ्याचं वय, विषय, पुढचं-मागचं वाक्य सगळं पाहते. तरीही कधी कधी विचारून घ्यावंच लागतं, आणि विचारण्यात मला कमीपणा वाटत नाही.

आता माझे सगळ्यात आवडते दोन. दोन्हींचा धागा आपल्याकडे येतो, म्हणून त्यांच्यापाशी जरा जास्त रेंगाळते.

पहिला "त्वेइ न्यू थान छिन": गाईपुढे छिन वाजवणे. छिन हे तारांचं जुनं वाद्य. मराठी माणसाला लगेच आठवतं ते "गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता". आजच्या चिनी बोलण्यातही रोख बहुतेक वेळा तोच असतो, समोरच्याला काही कळत नाही. पण मूळ गोष्टीत गाईला कोणीही नावं ठेवलेली नाहीत. कुंगमिंग ई नावाचा वादक गाईपुढे उच्च दर्जाचं संगीत वाजवतो. गाय खाली मान घालून चरत राहते. मग गोष्ट सांगणारा म्हणतो, गाईला ऐकू आलं नाही असं नव्हे, ते सूर तिच्या कानाजोगे नव्हते. वादक सूर बदलतो. डासांची, गोमाश्यांची गुणगुण काढतो, चुकलेल्या वासराचं हंबरणं काढतो. गाय शेपटी हलवते, कान टवकारते, पावलं टाकत ऐकू लागते.

ही गोष्ट कुठे आली आहे हे कळलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसले. ती मौ-त्स नावाच्या लेखकाच्या ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ बौद्ध धर्म चिनी लोकांना समजावून देण्यासाठी लिहिलेला आहे. त्यात प्रश्न विचारणारा म्हणतो, बुद्धाची वचनं एवढी थोर आहेत तर तुम्ही मला उत्तर देताना ती का सांगत नाही, आमचेच जुने चिनी ग्रंथ का उद्धृत करता? त्यावर मौ-त्स ही गाईची गोष्ट सांगतो. तुला ठाऊक असलेल्या शब्दांतून सांगितलं तरच तुझ्या कानात शिरेल, म्हणून. म्हणजे हा वाक्प्रचार जन्मला तो ऐकणाऱ्याला हिणवायला नाही, सांगणाऱ्यानं सूर बदलावा म्हणून. भाषांतर करणाऱ्या माणसासाठी याहून जवळची गोष्ट मला तरी माहीत नाही. तेव्हापासून "गाढवापुढे वाचली गीता" हा त्याचा अनुवाद करताना माझा हात अडखळतो. जिथे लिहिणाऱ्याचा रोख खरंच टोमण्याचा आहे तिथेच मी तो करते.

दुसरा "थान ह्वा यी श्येन". थान फुलाचं एकदा प्रकटणं. आजचा अर्थ: आलं आणि लगेच गेलं, क्षणभर चमकून विझलं. एका हंगामात गाजून विसरला गेलेला गायक, दोन वर्षांत बंद पडलेलं मासिक, यांना हे लागतं. बरीच वर्षं मी हे अस्सल चिनी फूल समजत होते. मग एक दिवस कोशात "थान"ची व्युत्पत्ती पाहिली. "योउ-थान-पो" या लांब शब्दातलं मधलं अक्षर उरलंय ते. योउ-थान-पो म्हणजे उदुंबर. आपला उंबर!

बौद्ध ग्रंथांचा भाषांतरकार कुमारजीव यानं छांगआन शहरात बसून इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं. त्यात बुद्ध म्हणतो, की असा धर्म ऐकायला मिळणं हे उदुंबराच्या फुलासारखं आहे, ते कधीतरी एकदाच प्रकट होतं. तिथे अर्थ दुर्मिळतेचा होता. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात, बाहेरून दिसत नाहीत, म्हणून "उंबराचं फूल" म्हणजे क्वचित दिसणारी गोष्ट. आपण आजही फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला म्हणतो, "काय हो, उंबराचं फूल झालात!" चीनमध्ये मात्र उंबर ओळखीचा नव्हता. नाव राहिलं आणि नंतर ते एका वेगळ्याच झाडाला जाऊन चिकटलं: रात्री फुलून सकाळपर्यंत मावळणारं पांढरं फूल, ज्याला आपल्याकडे घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतात आणि जे मुळात अमेरिका खंडातल्या निवडुंगाच्या जातीचं आहे. त्या फुलाकडे पाहूनच लोकांना "थान ह्वा"चा अर्थ पटतो. क्वचित येणारं फूल लवकर जाणारं फूल झालं. एकाच झाडाची दोन टोकं दोन भाषांनी धरून ठेवली आहेत आणि आता ती एकमेकांना ओळखत नाहीत.

छंगयूंशिवाय आणखी एक प्रकार आहे, तो बोलण्यातला. पहिला अर्धा भाग कोडं, दुसरा उत्तर. पुष्कळदा उत्तर बोललंही जात नाही. "भाचा कंदील धरतो" एवढंच म्हणायचं. उत्तर: चाओ च्यू, मामाला उजेड दाखवतो. पण "चाओ च्यू"चाच दुसरा अर्थ "पूर्वीसारखंच". म्हणजे कसं चाललंय असं विचारलं आणि समोरचा म्हणाला, भाचा कंदील धरतोय, तर समजायचं की जैसे थे. याचा अनुवाद होत नाही. मी प्रयत्न करून सोडून दिलाय.

याच समान उच्चारांच्या खेळावरून सरकारदरबारीही पाणी ढवळलं गेलं. "ख पू रोंग ह्वान" म्हणजे एक क्षणही दवडू नका. त्यातल्या क्षणवाचक "ख"च्या जागी खोकलावाचक "ख" घातला की खोकल्याच्या औषधाची जाहिरात तयार. नोव्हेंबर २०१४ मध्ये चीनच्या प्रसारण नियामकानं सूचना काढली, की जाहिरातींत आणि कार्यक्रमांत छंगयूंची अक्षरं अशी बदलू नयेत, मुलं चुकीचं शिकतात. खोकल्याचं उदाहरण त्या सूचनेसोबतच होतं. माझं मत विचाराल तर मला ही बंदी पटत नाही. खेळ कळायला मूळ शब्द माहीत असावाच लागतो, आणि जे शब्द लोक खेळायला घेतात ते जिवंत असतात. पण शाळेत शिकवणाऱ्या माझ्या एका चिनी मैत्रिणीला बंदी अगदी योग्य वाटते. रोज वह्या तिला तपासाव्या लागतात, मला नाही, म्हणून तिच्याशी मी वाद घालत नाही.

सध्या माझ्या टेबलावर एका वयस्क बाईंच्या आठवणी आहेत. तरुणपणी त्यांनी चार मैत्रिणींना घेऊन एक गाण्याचा गट काढला होता. वर्षभरात एकीचं लग्न झालं, एकीची बदली झाली, गट संपला. त्याबद्दल त्यांनी चारच अक्षरं लिहिली आहेत: थान ह्वा यी श्येन. मी आधी "अळवावरचं पाणी" लिहिलं. अर्थ बसतो. पण अळवावरच्या पाण्यात नुसती क्षणभंगुरता आहे, फुलणं नाही, आणि त्या बाई तर त्या वर्षाबद्दल लिहिताना पानभर फुललेल्या आहेत. "उंबराचं फूल" लिहायचा मोह फार झाला; तो शब्द आपल्याच घरून गेलेला. पण मराठी वाचक त्यातून "क्वचित" वाचेल, "क्षणभर" वाचणार नाही, आणि माझी मेंढी पुन्हा बैल होईल. काल रात्री म्हण, वाक्प्रचार सगळं बाजूला ठेवून लिहिलं: "रात्री उमललं, सकाळी मिटलं, तसं आमचं ते वर्ष." आज पुन्हा वाचलं. "तसं" काढावं की ठेवावं यावर अडले आहे.